निगेटिव्ह कुणाकडे आहे?

सीएसएमटीहून फोर्टाच्या बाजूला आलं की बोरा बाजाराच्या गल्ल्या लागतात. तिथल्या एका जुन्या इमारतीत, लाकडी जिन्यानं पहिल्या मजल्यावर गेल्यावर, कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका चाचांची खोली आहे. खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतभर कप्पे. टेबलावर घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग, बारीक पेचकस, स्पिरिटची बाटली आणि दात कोरायच्या काड्यांचा डबा. मी गेले तेव्हा समोर विशीतली एक मुलगी बसली होती. पिशवीतून तिनं आजोबांचा यॅशिका इलेक्ट्रो ३५ काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

चाचांनी तो उचलून थेट कानाशी नेला. रोल पुढे सरकवायचा खटका अंगठ्यानं ओढला, थांबले, पुन्हा ओढला. या मॉडेलमध्ये खटका ओढला की आतून ‘ठक्’ असा आवाज यायला हवा. तो आला नाही. आत रबराचा नखाएवढा तुकडा असतो. इतक्या वर्षांत त्याचा चुरा होतो आणि मग शटरची वेळ चुकू लागते. तो तुकडा बदलायचा तर वरचं अख्खं झाकण उतरवावं लागतं. मूळ बॅटरी पाऱ्याची होती. ती आता बनत नाही. म्हणून चाचा सहा व्होल्टची साधी बॅटरी घेतात, तिला एक स्प्रिंग आणि पुठ्ठ्याची गुंडाळी लावून त्याच खोबणीत बसवतात. मागच्या दाराच्या कडेला उजेड आत शिरू नये म्हणून फोमची पट्टी असते. तिचा काळा चिकट लगदा झाला होता. काडीला स्पिरिट लावून त्यांनी तो इंच इंच खरवडून काढला. मग मागचं दार उघडं ठेवून कॅमेरा ट्यूबलाइटच्या दिशेनं धरला, एका डोळ्यानं आतून पाहत शटर दाबत राहिले, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, “बेटा, अब ये बोलती है।”

मुलीनं खटका ओढला. ठक्. तिचा चेहरा खुलला.

मोबाइलमधले कॅमेरे चांगले होत गेले तसं चाचांचं काम आटत गेलं होतं. टेबल उचलायचा विचारही त्यांनी करून ठेवला होता. आता जी मुलं येतात त्यांतल्या बहुतेकांनी लहानपणी घरात रोल पाहिलेलाही नाही.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘परत आलेलं’ असा विषय कळवला, तेव्हा माझ्या मनात आधी हीच मुलं आली. परत येणं दिसतंही आहे. रिकोनं जून २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ हा नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. इंग्लंडच्या हार्मननं २०२३ च्या डिसेंबरात नवी रंगीत फिल्म काढली. ‘ओपेनहायमर’साठी कोडॅकनं आयमॅक्सच्या मापाची कृष्णधवल फिल्म पहिल्यांदाच बनवून दिली. तरी मला बाजारापेक्षा माणसांकडे जायचं होतं. ही ओढ नेमकी कशाची आहे, आणि ती जिथे पोचायला हवी तिथे पोचते आहे का, हे बघायचं होतं.

बारा, चोवीस, छत्तीस

एके काळी घरात कॅमेरा असला तर तो बरेचदा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ असायचा. बडोद्यात तयार होणारा, काळा, हलका. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा आणि बारा चौकोनी फोटो निघायचे. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं. पाठीला एक लाल खिडकी होती. रोल फिरवत राहायचं आणि त्या खिडकीत पुढचा आकडा उमटला की थांबायचं. न फिरवता दुसरा फोटो घेतला तर एकावर एक दोन फोटो येत, आणि मग मामाच्या छातीतून नारळाचं झाड उगवलेलं दिसे.

रोलही देशी मिळे. ऊटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. फिल्मवर रसायनाचा थर चढवायला थंड आणि स्वच्छ हवा लागते, म्हणून तो निलगिरीत उभारला होता. १९६७ पासून तिथून ‘इंदू’ नावानं फिल्म निघू लागली. कृष्णधवल रोल, छपाईचा कागद, दवाखान्यातली एक्स-रे फिल्म, सगळ्यांवर ‘इंदू’ असे. पुढे रंगीत रोल आले, मग डिजिटल आलं, आणि कारखाना तोट्यात जाऊन बंद पडला.

पस्तीस मिलिमीटरचा रोल घरोघरी पोचला तो नंतर, ‘हॉट शॉट’सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांच्या आणि त्यामागून आलेल्या कोडॅकच्या काळात. तेव्हा चोवीस की छत्तीस, हा घरातला गंभीर निर्णय असे. छत्तीसच्या रोलातून सदतीस, अडतीस फोटो काढणारा माणूस हुशार समजला जाई. रोल भरताना सुरुवातीचा तुकडा वाया जातो. तो अंधारात, बेतानं भरला तर एखाद-दोन फोटो जास्त मिळत. लग्नात तर रोलाचं गणितच वेगळं होतं. पाहुणे एकामागून एक स्टेजवर चढत आणि प्रत्येकाला फोटो हवा असे. अशा वेळी कित्येक फोटोग्राफर नुसता फ्लॅश मारत. पाहुणे खूश होऊन खाली उतरत आणि रोल सप्तपदीसाठी शिल्लक राहत असे.

छत्तीस हा आकडा घरच्या रोलाला एक आकार द्यायचा. गणपतीत भरलेला रोल गणपतीतच संपावा अशी ऐपत फार थोड्यांची होती. आरासीचे चार, गौरींचे दोन, आरतीचा एक. मग कॅमेरा कपाटात. नवरात्रात एखादा, दिवाळीला किल्ल्याचे तीन, सहलीला दहा-बारा, एखाद्या बारशाला उरलेले. शेवटचे दोन अंगणातल्या जास्वंदीवर किंवा गॅलरीत उभ्या केलेल्या धाकट्यावर, कारण रोल संपवून धुवायला टाकायचा असे. स्टुडिओतून परत आलेल्या पाकिटात फोटो वेगवेगळे असायचे आणि त्यांची लगेच वाटणीही व्हायची. आत्याला एक, गावाला दोन, अल्बममध्ये बाकीचे. निगेटिव्हच्या पट्ट्यांवर मात्र घराचं अर्धं वर्ष ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं राहायचं. गौरीच्या शेजारी किल्ला, किल्ल्याच्या शेजारी महाबळेश्वर. ही गोष्ट अल्बममध्ये सापडत नाही. ती निगेटिव्हमध्येच असते.

जगातल्या एका प्रसिद्ध छत्तीसच्या रोलाचा मुंबईशी संबंध आहे. कोडॅकनं १९३५ पासून चाललेली कोडाक्रोम फिल्म २००९ मध्ये थांबवली, आणि कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना दिला. तो संपवण्यासाठी जगभरातून त्यांनी जी ठिकाणं निवडली त्यांत मुंबई होती. अमिताभ बच्चन, आमिर खान, नंदिता दास त्या रोलावर आहेत, राजस्थानातले रबारी आहेत. शेवटी २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका लहानशा गावातल्या लॅबमध्ये तो धुतला गेला, कारण कोडाक्रोम धुणारी तेवढीच एक लॅब उरली होती. फोटो काढणारा कितीही मोठा असला तरी रोल धुणारा कुणीतरी लागतोच.

बर्फ, हायपो आणि काळोख

कोथरूडमधल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये, पंचविशीतला एक मुलगा रविवारी दुपारी आपले आणि मित्रांचे रोल धुतो. नोकरी सॉफ्टवेअरची. खिडकीच्या काचेला काळा पुठ्ठा, दाराच्या फटीला जुनी सतरंजी. “दुपारी आम्ही सगळे आधीच अंघोळी उरकून घेतो,” त्याच्या आई म्हणाल्या आणि आम्हाला चहा देऊन गेल्या.

उन्हाळा होता. नळाचं पाणी हाताला कोमट लागत होतं. कृष्णधवल रोलासाठी तो डी-७६ हे डेव्हलपर वापरतो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स यांचं हे मिश्रण १९२० च्या दशकापासून वापरात आहे. त्याच्या पुस्तकी वेळा वीस अंशांसाठी दिलेल्या असतात. पुण्यात मे महिन्यात वीस अंश म्हणजे फ्रिजचं काम. त्यानं घमेल्यात पाणी घेतलं, त्यात बर्फाचे खडे टाकले, रसायनांच्या बाटल्या त्यात उभ्या केल्या आणि थर्मामीटर हातात धरून बसून राहिला. चोवीस. बावीस. घाई केली की निगेटिव्हचा दाटपणा बिघडतो.

मग दिवा गेला. फिल्म सगळ्या रंगांच्या उजेडाला संवेदनशील असते, म्हणून रोल उघडताना लाल दिवासुद्धा चालत नाही. सिनेमात दिसतो तो लाल दिवा कागदावर फोटो छापताना वापरतात. पूर्ण काळोखात त्यानं डबीचं झाकण उचकटलं, फिल्मचं टोक कात्रीनं कापलं आणि प्लॅस्टिकच्या रिळावर ती मागेपुढे फिरवत चढवू लागला. ऐकू येत होता फक्त कट् कट् असा आवाज आणि मधूनच थांबलेला त्याचा श्वास. फिल्म वाकडी चढली तर दोन वेढे एकमेकांना चिकटतात आणि तिथलं चित्र कायमचं जातं. रीळ टाकीत गेलं, झाकण बसलं, आणि तेव्हा कुठे दिवा लागला.

साडेसात मिनिटं डेव्हलपर. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटीसुलटी करायची, मग खाली आपटायची, म्हणजे आतले बुडबुडे सुटतात. मग सौम्य आम्लाचं पाणी, म्हणजे डेव्हलपरचं काम तिथल्या तिथे थांबतं. मग हायपो.

टाकीत काय चाललं असतं ते मला मुळात समजून घ्यायचं होतं. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक. शटर उघडतं तेव्हा ज्या स्फटिकांवर उजेड पडतो त्यांच्यात चांदीच्या मोजक्याच अणूंचा एक ठिपका तयार होतो. तो कुठल्याही डोळ्याला दिसत नाही. चित्र तेव्हाच बनलेलं असतं, पण ते सुप्त असतं, आणि न धुता ठेवलं तर महिनोन् महिने तसंच राहतं. डेव्हलपर त्या ठिपक्यांना धरून अख्ख्या स्फटिकाची काळी चांदी करतो. ज्यांच्यावर उजेड पडला नाही ते स्फटिक तसेच राहतात, आणि त्यांना विरघळवून धुऊन काढणं हे हायपोचं काम. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच पाहिलं होतं. वीस वर्षांनी फोटोग्राफी जन्माला आली तेव्हा ते उपयोगी पडलं. आजही घमेल्याशेजारच्या त्या बाटलीत तेच रसायन होतं.

रंगीत रोलाची गोष्ट आणखी कडक. त्याला अडतीस अंश लागतात, डेव्हलपर सव्वातीन मिनिटं, आणि तापमान अर्ध्या अंशानंही हललेलं चालत नाही. सिनेमाच्या शूटिंगमधून उरलेली फिल्म लहान डब्यांत भरून ही मुलं स्वस्तात वापरतात. तिच्या पाठीला काजळीचा एक थर असतो. तो काढायला त्यानं स्वयंपाकघरातल्या खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी केलं. ओतलेलं पाणी शाईसारखं काळं बाहेर आलं.

घरातल्या घरात फिल्म धुण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल मिळावं म्हणून त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून एक छोटी फिल्म दाखवली. कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसत. ती रात्री अंधारात पाडण्याचं काम सरस्वतीबाई करत. दादरच्या घरात त्या फिल्म धुवायला शिकल्या, कॅमेऱ्यात फिल्म भरायला शिकल्या, आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये लोकांनी पाहिला. त्याआधी त्या फिल्मवर रात्रीच्या अंधारात सरस्वतीबाईंचे हात फिरले होते. भारतीय सिनेमाचा इतिहास सांगताना हे हात पहिल्या पानावर यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

टाकी उघडली. मुलानं फिल्मचं टोक धरून ती ओली पट्टी दिव्यासमोर उलगडली आणि आम्ही दोघंही पुढे झुकलो. काळं आकाश, पांढरी झाडं, आणि पांढऱ्या केसांची एक तरुणी. मग त्यानं ती कपड्यांच्या चिमट्यानं दोरीला टांगली आणि खालच्या टोकालाही एक चिमटा लावला, वाळताना वळू नये म्हणून. मी विचारलं, हे एवढं कशासाठी? तो म्हणाला, मोबाइलमध्ये त्याचे हजारो फोटो आहेत आणि ते तो पुन्हा बघत नाही. या छत्तीसातला प्रत्येक फोटो कुठे, कुठल्या उन्हात काढला ते त्याला पाठ आहे. तो फुशारकी मारत नव्हता. पट्टीवर बोट ठेवत त्यानं मला एकेक चौकट सांगितली.

लिंक आली, फोटो आले

सगळ्यांना बाथरूम मिळत नाही. बहुतेक मुलं रोल लॅबमध्ये देतात, लहान गावांतली कुरियरनं पाठवतात. एक रंगीत रोल हजार रुपयांच्या आसपास पडतो. त्यावर धुण्याचे आणि स्कॅनचे पैसे धरले की एकदा बटण दाबायला चाळीस-पन्नास रुपये लागतात. मुंबईतल्या ज्या लॅबमध्ये मी गेले तिथे रोल धुतले की लगेच स्कॅन होतात आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर लिंक जाते. पूर्वी आठवडाभर वाट पाहावी लागे, आता दोन दिवसांत काम होतं.

काउंटरमागे बुटांच्या खोक्यांची एक उतरंड होती. त्यांत काय आहे म्हणून विचारलं. निगेटिव्ह, मालक म्हणाले. न नेलेल्या.

त्यांनी एक खोकं उघडलं. पारदर्शक पाकिटं, त्यांवर मार्करनं नाव आणि तारीख. फोन केला की मुलं म्हणतात, ‘दादा, फोटो आलेत आम्हाला.’ काही सांगतात, टाकून द्या. मालकांना ते जमत नाही, म्हणून खोकी वाढत जातात. बाहेरगावच्या निगेटिव्ह परतीच्या कुरियरचे पैसे वाचवण्यासाठी कित्येकजण मागवतच नाहीत.

मी त्या खोक्यांपाशी बराच वेळ उभी राहिले. रोलावर एवढे पैसे घालणारी, आजोबांचा कॅमेरा दुरुस्त करून घेणारी ही मुलं मनापासूनच सगळं करताहेत. त्यांना फिल्मचा दाणेदार पोत आवडतो, सावल्यांतला तो उबदार रंग आवडतो, वाट पाहणं आवडतं, आणि यातलं काहीही खोटं नाही. पण त्यांच्यापाशी पोचतं ते शेवटी मोबाइलमधलं चित्र, इतर हजारो चित्रांमध्ये मिसळलेलं. उजेड ज्या पट्टीवर खरोखर पडला, ती वस्तू खोक्यात राहते. फिल्मवर जीव असेल तर तो या पट्टीवर हवा. आणि मग केवळ आजच्या रोलावर थांबून चालणार नाही. कारण आपल्या आजोळच्या माळ्यावर, गावच्या स्टुडिओत ज्या पट्ट्या पडून आहेत त्यांची गत या खोक्यांहून वाईट आहे.

देवीचे व्रण आणि पेन्सिल

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, वडिलांच्या काळापासून चालत आलेला एक फोटो स्टुडिओ आहे. काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. पुढच्या खोलीत नातू झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं बघतो. मागच्या खोलीत रंगवलेला पडदा अजून टांगलेला आहे: कमान, कारंजं, दूरवर डोंगर. पडद्यासमोरच्या लाकडी खुर्चीवर तालुक्यातल्या दोन-तीन पिढ्या बसून गेल्या.

महाराष्ट्रात फोटोग्राफी फार लवकर रुजली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी कॅमेरा हाताळत होते, हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर फोटोचा व्यवसायच थाटला होता. ते सगळं शहरातलं. तालुक्याच्या गावात जो रुजला तो हा पडदेवाला स्टुडिओ. फोटो लागायचा तो कामासाठी. स्थळासाठी मुलीचा उभा फोटो. सैन्यात भरती झालेल्याचा, घरी ठेवायला. दहावीच्या वर्गाचा, पहिल्या रांगेत शिक्षक खुर्च्यांवर. आणि माणूस गेल्यावर तिरडीपाशी काढलेला, कारण कित्येकांचा तोच एकमेव फोटो असे.

काकांनी फडक्यातून लाकडी मेज काढलं. त्याच्या मध्यभागी दुधी काच. तिच्यावर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड पाडायचा आणि कडक शिशाच्या पेन्सिलीनं टचिंग करायचं. पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासून सुईसारखं लांब केलेलं असे. त्या काळी पुष्कळांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असत. फोटोत ते काळे खड्डे होऊन दिसत. खड्ड्याची जागा निगेटिव्हवर पातळ, पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की छापताना तेवढा उजेड अडतो आणि गाल गुळगुळीत येतो. एका चेहऱ्याला तास-दीड तास लागे. वडिलांनी असे किती गाल भरले असतील याचा हिशेब नाही, काका म्हणाले. मग एक निगेटिव्ह माझ्या हातात दिली. उजेडात तिरकी धरल्यावर हनुवटीपासून कानापर्यंत शिशाची चमक दिसली. त्या मुलीचं लग्न जमलं की नाही ते रजिस्टरमध्ये नाही. नाव, गाव, तारीख आणि नंबर आहे.

काकांना जुन्या दिवसांचं कौतुक फारसं नाही. मेटॉलनं बोटांची सालं निघत, थंडीत भेगा पडत. बंद खोलीत आम्लाच्या वासानं डोकं दुखे. डिजिटल आलं तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं, हे त्यांनी सरळ सांगितलं. पण निगेटिव्हची चार कपाटं त्यांनी हलवू दिली नाहीत.

हलवायला माणसं येत होती. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, ती काढणारे लोक कॅन घेऊन येत. तसेच ते जुन्या एक्स-रे आणि कृष्णधवल निगेटिव्ह किलोवर मागत. रंगीत निगेटिव्हकडे ते बघतही नाहीत, कारण रंगीत फिल्म धुताना तिच्यातली चांदी पूर्ण निघून जाते आणि मागे फक्त रंगद्रव्य उरतं. आसपासच्या गावांतले बंद झालेले स्टुडिओ असेच रिकामे झाले, काका म्हणाले. कृष्णधवल चांदीवाल्याला गेलं, रंगीत कचऱ्यात. काचेच्या प्लेटा गरम पाण्यात धुऊन साफ केल्या आणि तसबिरींना लावल्या. त्या गावांत आता कुणाच्या तरी भिंतीवर देवाच्या फोटोपुढे जी काच आहे, तिच्यावर एके काळी कुणाचा तरी चेहरा होता.

तिसऱ्या कपाटाचं दार उघडलं तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास आला. फिल्मची पट्टी अ‍ॅसिटेटची असेल तर उष्णता आणि दमटपणानं ती कुजू लागते आणि तिच्यातून आम्ल सुटतं. ते आम्ल शेजारच्या पट्टीलाही पोखरतं. मग फिल्म आखडते, तिच्यावरचा थर सुरकुततो, आणि त्यानंतर काही करता येत नाही. वास येतो तोवर वेळ असते. काकांनी वासाची पाकिटं बाजूला काढून वेगळ्या पेटीत ठेवली आहेत आणि नातवाला ती आधी स्कॅन करायला लावली आहेत.

माळा नको, कपाट

हे करणं अवघड नाही, हे तिथे बसून मी पाहिलं. नातवानं दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणला आहे आणि त्याच्या खाली टॅब ठेवून त्याचा पडदा पूर्ण पांढरा केला आहे. पट्टी कडेनं धरायची, मधे बोट लावायचं नाही. मऊ ब्रशनं धूळ झटकायची. स्टँडवरच्या कॅमेऱ्यानं वरून फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं करायचं. रंगीत निगेटिव्हची नारिंगी छटा काढायला थोडी जास्त खटपट पडते, तीही जमते. प्लॅस्टिकच्या जुन्या चिकट पाकिटांतून काढून पट्ट्या साध्या कागदी पाकिटात घालायच्या. पाकिटावर पेन्सिलीनंच लिहायचं, पेनची शाई झिरपते. पत्र्याखालचा माळा ही घरातली सगळ्यात वाईट जागा. त्यापेक्षा आतल्या खोलीतलं कपाट बरं, आणि कोकणात असाल तर डब्यात सिलिका जेल, ते दर पावसाळ्याआधी बदललेलं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले अल्बममधले रंगीत फोटो आता लालसर पडले आहेत, कारण त्या कागदांतला निळा-हिरवा रंग आधी उडतो. त्याच फोटोची निगेटिव्ह सापडली तर पुष्कळदा तिच्यातून साडीचा मोरपंखी पुन्हा मिळतो. आईच्या लग्नातल्या शालूचा खरा रंग कोणता होता यावर वाद असणाऱ्या घरांनी आधी माळा शोधावा.

आम्ही बोलत असताना पुण्याहून एक गृहस्थ आले. आई वारल्या होत्या आणि त्यांच्या तरुणपणीचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नाआधी इथे काढला होता एवढं मावशीकडून कळलेलं. साल नक्की नव्हतं. काकांनी आईंचं माहेरचं आडनाव आणि गाव विचारलं, मग मांडीवर रजिस्टर घेऊन बोट फिरवू लागले. १९७३ मध्ये नव्हतं. १९७४ च्या मार्चमध्ये त्या आडनावाच्या दोन मुली होत्या, एकीचं गाव जुळलं. नंबरावरून नातवानं दुसऱ्या कपाटातलं पाकीट काढलं, काचेवर ठेवलं आणि पडद्यावर चित्र सरळ केलं. गृहस्थ खुर्चीवरून उठून जवळ आले. हीच, म्हणाले.

त्यांनी निगेटिव्ह विकत मागितली, सांगाल ते पैसे देतो म्हणाले. काकांनी प्रिंट काढून दिली, फाइल मोबाइलवर पाठवायला लावली, पैसे प्रिंटचेच घेतले. निगेटिव्ह मात्र नवीन कागदी पाकिटात घालून पुन्हा कपाटात ठेवायला सांगितली आणि प्रिंटच्या मागे नंबर लिहून दिला. धाकट्या बहिणीला, मुलांना कॉपी हवी असेल तर हा नंबर फोनवर कळवा, म्हणाले, यायचीही गरज नाही. मग त्यांनी रजिस्टरमध्ये त्या नावापुढे आजची तारीख घातली आणि नातवाला तिसऱ्या कपाटातलं पुढचं पाकीट काढायला सांगितलं.